मीटर काय सांगतो आणि इंजिन काय सांगते

जुनी मोटार घ्यायला निघालेला माणूस दरवाजा उघडतो, आत वाकतो आणि सर्वांत आधी मीटर पाहतो. किलोमीटर कमी असले की त्याचा चेहरा खुलतो, जास्त असले की दरवाजा लावून तो पुढच्या गाडीकडे वळतो. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत तर ही सवय आणखी पक्की आहे. अशी गाडी म्हणजे जोरात पळवलेली गाडी, तिचे इंजिन लाखभर किलोमीटरला आटोपणारच, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज कितपत खरा, आणि असे इंजिन जास्तीत जास्त किती चालू शकते, ते या लेखात पाहू या. प्रश्न शौकाचा वाटला तरी त्यात लोकांचा पैसा अडकलेला असतो.

आखातात नोकरीस असलेल्या, रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या एका परिचितांचे उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी त्यांनी तेथे दोन दारांची एक स्पोर्ट्‌स कार घेतली. समोर दोन गाड्या होत्या. दोन्ही एकाच बनावटीच्या आणि दोन्ही नऊ वर्षांच्या. एकीचा मीटर ३८,००० किलोमीटर दाखवीत होता, दुसरीचा १,७०,०००. दुसरीच्या मालकाजवळ पावत्यांची जाडजूड फाइल होती. पहिलीची किंमत जवळजवळ दुप्पट असूनही आमच्या परिचितांनी तीच घेतली. चार महिन्यांत सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊ लागला, इंजिनाखाली तेलाचे डाग पडू लागले आणि दर आठवड्याला ऑइल भरण्याची पाळी आली. इंजिन उघडले तेव्हा एका सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे चट्टे होते, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसल्या होत्या आणि झाकणाखाली काळा चिखल साचला होता. आधीचा मालक वर्षातील बराच काळ परदेशी असे. गाडी महिनोन्‌महिने उभी राही आणि तो आला की संध्याकाळी पाचसात किलोमीटरचा फेरफटका होई. ३८,००० चा आकडा खरा होता, त्यात कोणी फसवले नव्हते. दुरुस्तीला मात्र गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला.

आमचा धंदा कापडाचा, मोटारीचा नव्हे. पण बंद पडून असलेला माग पुन्हा चालू करताना काय होते ते आम्ही पाहिले आहे. फणीवर गंज चढलेला असतो, वंगण आटून घट्ट झालेले असते आणि पहिले काही वार कापड डागी निघते. सबब परिचितांची हकिकत ऐकून आम्हांस फारसे नवल वाटले नाही. त्यानंतर आम्ही या विषयाची जमेल तेवढी माहिती गोळा केली.

मुळात किलोमीटर हे रस्त्याचे माप आहे, इंजिनाच्या झिजेचे नव्हे. ट्रॅक्टर आणि जनरेटर यांची उमर तासांत मोजतात, त्यांवर तासांचा मीटर असतो. मोटारीला हेच माप लावून पाहा. दीड लाख किलोमीटर ताशी ८० च्या सरासरीने हमरस्त्यावर कापले, तर इंजिन १,८७५ तास चालले. तेच दीड लाख शहराच्या गर्दीत ताशी २० च्या सरासरीने कापले, तर ७,५०० तास चालले. दोन्ही मीटरवर आकडा एक, पण इंजिनाच्या कामात चौपट अंतर. आखातातील उन्हाळ्यात तर एसीसाठी गाडी उभ्या जागी चालू ठेवतात. तेव्हा तास वाढतात, किलोमीटर वाढत नाहीत.

तासांहूनही महत्त्वाचा आकडा म्हणजे गार इंजिन किती वेळा सुरू केले तो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल निथळून तळाशी बसते. सकाळी चावी फिरवल्यावर पंप ते वरपर्यंत पोहोचवीपर्यंत धातूवर धातू जवळजवळ कोरडा घासतो. गार इंजिनात पेट्रोलही जास्त सोडावे लागते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, पण इंजिन गार असेल तर थोडेफार आतच थिजते आणि ऑइलमध्ये उतरून आम्ल बनवते. इंजिन पुरते तापून बराच वेळ चालले तरच हे पाणी उडून जाते. पाच किलोमीटर जाऊन बंद केलेल्या गाडीत ते साचत राहते. परिचितांच्या गाडीतील चिखल आणि गंज येथूनच आले.

आता उलट बाजूचे उदाहरण पाहू. ते अमेरिकेचे आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे शाळेत विज्ञान शिकवणारे एक शिक्षक राहत. १९६६ च्या जून महिन्यात त्यांनी व्होल्वो पी १८०० एस ही दोन दारांची लाल स्पोर्ट्‌स गाडी घेतली. तिची किंमत ४,१५० डॉलर, म्हणजे त्यांचा सुमारे एका वर्षाचा पगार. घरापासून शाळेपर्यंत जाऊनयेऊन त्यांना रोज १२५ मैल, म्हणजे २०० किलोमीटर पडत. पहिल्या दहा वर्षांत ५ लाख मैल झाले. १९८७ साली १० लाख आणि २००२ साली २० लाख. एकाच मालकाने बिगरधंदेवाईक वापरात सर्वाधिक चालवलेली गाडी म्हणून १९९८ साली गिनीज बुकात तिची नोंद झाली, तेव्हा आकडा १६ लाख ९० हजार मैल होता. १८ सप्टेंबर २०१३ रोजी अलास्का प्रांतात ३० लाखावा मैल पुरा झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये गॉर्डन वारले तेव्हा गाडी ३२ लाख मैलांच्या, म्हणजे ५१ लाख किलोमीटरच्या पुढे गेली होती.

यातील आमच्या कामाचा आकडा ३२ लाख हा नव्हे, तर ६ लाख ८० हजार मैल हा होय. तेथवर इंजिनाचे मोठे काम एकदाही निघाले नव्हते. पहिल्यांदा ते उघडून नवे केले ते या आकड्यावर. किलोमीटरमध्ये हे जवळजवळ ११ लाख होतात, म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला २७ प्रदक्षिणा. लोक ३२ लाखांचा गाजावाजा करतात, पण त्यात इंजिन नंतरही उघडले गेले आहे. मालाची कसोटी न उघडलेल्या इंजिनावर लागते.

आता आमचा हिशेब, मोटामोटीचा. एका दमात सरासरी १०० किलोमीटर धरले तर ११ लाख किलोमीटरला ११,००० वेळा इंजिन सुरू झाले. शहरातील माणूस एका खेपेला ८ किलोमीटर जातो असे धरले, तर दीड लाख किलोमीटरला त्याचे इंजिन जवळजवळ १८,७५० वेळा सुरू होते. दर वेळी ते पूर्ण गार नसेल, हे खरे. तरीही सुरू करण्याच्या हिशेबाने दीड लाखाची शहरी गाडी ११ लाखांच्या त्या व्होल्वोपेक्षा जास्त वापरलेली निघते. मीटरकडे पाहून हे कोणाच्याही ध्यानात येणार नाही.

गॉर्डन यांचे सांगणे अगदी साधे होते. गाडीसोबत मिळालेले माहितीपुस्तक वाचा आणि त्यात लिहिले तसे करा. साधारण ३,००० ते ३,५०० मैलांना ते ऑइल बदलीत. ३,५०० धरले तरी ६ लाख ८० हजार मैलांत ऑइल १९४ वेळा बदलले जाते. एका वेळी पावणेचार लिटर लागते, म्हणजे ७०० लिटरच्या वर ऑइल गेले. ही रक्कम लहान नव्हे. परंतु व्यापारात जो खर्च थोडाथोडा आणि वेळेवर होतो तो नजरेत भरत नाही, आणि जो टाळला जातो तो पुढे एकरकमी वसूल होतो. ऑइलचेही तसेच.

येथे एक शंका कोणीही घेईल. शिक्षकाचा बेताचा हात आणि सरळ रस्ता. हे कसले स्पोर्ट्‌स इंजिन? शंका रास्त आहे. त्या व्होल्वोचे बी १८ इंजिन १.८ लिटरचे, चार सिलिंडरचे. ब्लॉक बिडाचा, क्रँकला पाच मुख्य बेअरिंगा. कॅम फिरवायला पट्टा नाही, साखळी नाही, दातेरी चाके आहेत. त्या सालच्या नमुन्याची शक्ती ११५ हॉर्सपॉवर, म्हणजे दर लिटरला ६४. अंगात ताकद भरपूर आणि काम बेताचे, असा तो मामला.

याउलट जपानची होंडा एस २००० पाहा. ती १९९९ ते २००९ पर्यंत बनत होती. इंजिन २ लिटरचे, अमेरिकेतील नमुन्यात २४० हॉर्सपॉवर, म्हणजे दर लिटरला १२०. सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाई. तिच्या पिस्टनची एका बाजूची चाल ८४ मिलिमीटर. एका फेऱ्यात तो दोनदा चालतो. हिशेब केला तर ९,००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर भरतो. व्होल्वोच्या पिस्टनची चाल ८० मिलिमीटर, आणि ३,००० फेऱ्यांवर त्याचा वेग सेकंदाला ८ मीटर. वेग तिप्पट झाला की ओढ तिप्पट होऊन थांबत नाही. फेरे तिप्पट झाले की पिस्टनला थांबवून उलट फिरवणारा झटका नऊपट होतो, आणि तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांनी सोसायचा असतो. शर्यतीच्या गाड्यांची इंजिने अल्पायुषी का, याचे उत्तर येथे आहे. अमेरिकेतील टॉप फ्युएल जातीच्या सरळ शर्यतीत गाडी १,००० फूट धावते आणि प्रत्येक धावेनंतर तिचे इंजिन खोलून पुन्हा बांधतात.

पण रस्त्यावरील स्पोर्ट्‌स कार दिवसभर ९,००० वर चालत नाही. होंडाच्या त्याच इंजिनात ६,००० च्या आसपास कॅमची दुसरी चाल सुरू होते. त्याखाली ते एखाद्या घरगुती गाडीसारखे शांत चालते. म्हणजे निम्मा निकाल चालवणाऱ्याच्या पायात आहे. इंजिन गार असताना ज्याने पाय दाबला त्याने नुकसान केले. ऑइल तापल्यावर ज्याने अधूनमधून दाबला, त्याने फार बिघडवले असे आम्हांस वाटत नाही.

बनावटीचा दोष मात्र मालकाच्या काळजीने भरून येत नाही. जर्मनीची पोर्शे ९११ हे याचे चांगले उदाहरण आहे. १९६० च्या दशकापासून १९९८ पर्यंत या गाडीचे इंजिन हवेने आणि तेलाने थंड होई, पाण्याने नव्हे. ऑइलची टाकी वेगळी, आणि नंतरच्या नमुन्यांत १० लिटरहून जास्त ऑइल. एवढे ऑइल असले की घाणही त्यात विरळ पडते. या गाडीला टिकाऊ म्हणून जगभर नाव आहे, तरी सर्व सालांची इंजिने सारखी नाहीत. १९७४ ते १९७७ पर्यंतच्या २.७ लिटरच्या साध्या नमुन्यात केसिंग मॅग्नेशियमचे होते. हेड धरून ठेवणारे लांब स्टड उष्णतेने त्या मऊ धातूतून सैल होऊन उपटून येत. अमेरिकेत तर धूर शुद्ध करण्यासाठी १९७५ पासून बसवलेल्या थर्मल रिॲक्टरमुळे इंजिनाभोवतीची उष्णता आणखी वाढली. १९७८ साली ३ लिटरचे एससी हे मॉडेल आले. त्याचे केसिंग ॲल्युमिनियमचे केले आणि हा रोग गेला. त्यातही कॅमच्या साखळीचा ताण धरणारे टेन्शनर दगा देत. १९८४ च्या नमुन्यापासून ते ऑइलच्या दाबावर चालणारे केले. नाव एक, रूप एक, पण ज्याने १९७६ ची गाडी घेतली आणि ज्याने १९८४ ची घेतली, त्यांचे नशीब सारखे नव्हते.

पुढे पाण्याने थंड होणारे इंजिन आले. त्यात कॅमकडे गती पोहोचवणारा एक मधला शाफ्ट होता. त्याच्या टोकाचे सीलबंद बेअरिंग काही गाड्यांत निकामी होई आणि तुटले की सगळे इंजिन घेऊन जाई. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या गाड्यांबाबत मालकांनी सामूहिक दावा केला आणि २०१३ साली तडजोड झाली. २००९ च्या नमुन्यापासून हा शाफ्टच इंजिनातून काढून टाकला. हजारो रुपयांचा ठोक व्यवहार करताना आम्ही कोणत्या लॉटचे सूत आहे ते विचारतो. लाखांची गाडी घेताना कोणत्या सालचे इंजिन आणि त्या सालात काय बदलले, एवढे तरी विचारावे.

टर्बो लावलेल्या इंजिनाबद्दल दोन शब्द. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि त्याला जळक्या धुराची आंच लागते. जोरात पळवून आल्याबरोबर चावी काढली तर तेथील ऑइल थांबते आणि करपून कोळसा होते. मिनिटभर धीमे चालवून मग बंद केले की पुष्कळ फरक पडतो.

जुन्या इंजिनवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बी १८ सारख्या इंजिनात कॅम चपट्या टॅपेटवर घासतो. त्या घर्षणाला ऑइलमधील जस्त आणि फॉस्फरसचा अंश लागतो. नव्या गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तो सोसत नाही, म्हणून नव्या ऑइलांत त्याचे प्रमाण कमी केले आहे. महागडे आणि अगदी नवे ऑइल घातले म्हणजे जुन्या इंजिनाची सेवा झाली, असे नाही.

तर मग स्पोर्ट्‌स कारचे इंजिन किती चालते? आमच्या मते चांगल्या बनावटीचे, बिनटर्बोचे, रस्त्यावरच चालवलेले आणि वेळेवर ऑइल मिळालेले इंजिन न उघडता दोन ते तीन लाख किलोमीटर जाणे ही मोठी गोष्ट नव्हे. त्यापुढे ते जाते, पण व्हॉल्व्हचे सील, गाइड, साखळीचे टेन्शनर, पाण्याचा पंप अशी कामे निघत राहतात. ११ लाख हा अपवाद समजावा. त्याच्या भरवशावर कोणी पैसे लावू नयेत.

घेताना काय पाहावे? पावत्यांची फाइल पाहावी, पण ती चाळू नये, वाचावी. ऑइल दर किती महिन्यांनी बदलले, मधे दोन वर्षांची पोकळी तर नाही? पोकळी असेल तर गाडी उभी होती, किंवा काही लपवले आहे. जुन्या गाड्यांच्या बहुतेक मीटरवर पाचच आकडे असतात, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. तेथे फाइल नसेल तर मीटर म्हणजे निव्वळ शोभा.

गाडी पाहायला जाण्याआधी मालकाला सांगावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे याची खात्री करावी. पहिल्या स्टार्टचा धूर आणि आवाज खरे बोलतात. सुरू होताच क्षणभर निळा धूर आला आणि थांबला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. चालत्या गाडीत सतत येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर. मग गाडी अर्धा तास चालवून, ऑइल पुरते तापल्यावर, धीम्या चालीवर ऑइलचा दाब पाहावा. गार ऑइल घट्ट असते, ते झिजलेल्या बेअरिंगांची अब्रू राखते.

त्यानंतर फिटरकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे जवळजवळ सारखे आहेत की नाही हे महत्त्वाचे. दहा टक्क्यांच्या वर फरक दिसला तर गळती तपासावी. सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरतात आणि ती कोठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचे गॅस्केट. व्हॉल्व्हचा दोष हेड उतरवून निघतो. रिंगांचा असेल तर सगळे इंजिन खोलावे लागते, आणि किमतीची घासाघीस त्या हिशेबाने करावी.

जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देण्याचीही सोय आता आहे. लोखंड जास्त निघाले तर सिलिंडर आणि रिंगा घासत आहेत, तांबे आणि शिसे निघाले तर बेअरिंगा. सिलिकॉन निघाले तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत जात आहे, किंवा नुकत्याच केलेल्या दुरुस्तीत लावलेल्या सीलंटचा तो अंश आहे. वाळवंटी मुलखातील गाडीत हा आकडा जरूर पाहावा. आमच्या परिचितांनी खर्च केल्यावर हा मार्ग धरला. आता ते दर वेळी ऑइल बदलताना नमुना पाठवतात आणि दर शुक्रवारी सकाळी गाडी तासभर हमरस्त्यावर नेऊन आणतात. ऑइल वर्षातून दोनदा बदलतात, मीटर काही का म्हणेना.

गॉर्डन यांना लोक गाडी विकणार का असे विचारीत. मैलामागे एक डॉलर मिळाला तर विकू, असे ते सांगत. ४,१५० डॉलरला घेतलेल्या गाडीचा हा भाव शेवटी ३० लाख डॉलरच्या वर गेला होता. गिऱ्हाईक मिळाले नाही आणि ते गाडी चालवीत राहिले.